रॅप१ नुसतं जनुकं बंद करत नाही

रॅप१ हे यीस्टच्या पेशीतलं, डीएनएला चिकटणारं प्रथिन. कुणीतरी त्याला 'जनुकं बंद करणारं प्रथिन' म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. यीस्टमध्ये रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) प्रथिनांची बहुतेक जनुकं जोमात चालतात ती याच्याच जोरावर. तिथे एफएचएल१ आणि आयएफएच१ ही प्रथिनं त्याच्या सोबतीला असतात. गुणसूत्राच्या टोकाला, टेलोमिअरवर, मात्र रॅप१च्या शेपटाला (प्रथिनाच्या शेवटच्या भागाला) सर३ आणि सर४ ही प्रथिनं येऊन चिकटतात आणि आसपासची जनुकं गप्प होतात. त्याच शेपटाला रिफ१, रिफ२ ही प्रथिनंही धरतात, म्हणून टेलोमिअर वाटेल तेवढं लांबत नाही. डीएनएवरची पकड तीच, शेजारी कोण बसलंय त्यावर काम ठरतं! शोर आणि नेस्मिथ या शास्त्रज्ञांनी १९८७ सालीच दाखवलं होतं की जनुकं बंद करणाऱ्या आणि चालू करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या डीएनएच्या जागांवर बसणारं प्रथिन एकच आहे. आणि रॅप१चं जनुक काढून टाकलं तर यीस्टची पेशी जगतच नाही.