प्रतिसाद: ताण आहेच, पण पोटातल्या चेतापेशींचं काय?

वर एकांनी लिहिलंय की पोटाच्या निम्म्या तक्रारी 'मनाचे खेळ' असतात. अर्धंच पटलं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूकडून येणाऱ्या नसा कापल्या तरी ते अन्न पुढे ढकलत राहतं. तेच बिघडलं तर मनाला दोष देऊन काय उपयोग?

सगळ्यात स्पष्ट उदाहरण हिर्शस्प्रुंग आजाराचं. साधारण 5000 नवजात बाळांमागे एकाला तो होतो. गर्भात चेतापेशी अन्ननलिकेकडून खाली सरकत जातात, पण इथे त्या मोठ्या आतड्याच्या शेवटपर्यंत पोचतच नाहीत. तेवढा भाग आकसलेलाच राहतो, वरचा फुगतो, आणि शस्त्रक्रियेने तो तुकडा काढावा लागतो. (1886 मध्ये हा आजार मांडणाऱ्या हिर्शस्प्रुंग यांना मात्र दोष फुगलेल्या भागातच वाटला होता!) अकॅलेशिया या गिळायला त्रास होणाऱ्या आजारात अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला सैल करणाऱ्या चेतापेशी मरतात, म्हणून घास अडकतो.

ग्लिया पेशींची (म्हणजे चेतापेशींच्या आजूबाजूच्या साथीदार पेशींची) चर्चा कुणीच केली नाही, म्हणून हा प्रतिसाद. नावाचा मूळ अर्थ 'डिंक', त्यामुळे बरीच वर्षं त्यांना नुसतं भराव समजत. प्रत्यक्षात त्या चेतापेशींचे संदेश ऐकतात, त्यांना उत्तरही देतात आणि रोगप्रतिकारक पेशींशीही बोलतात. दाह झाला की त्यांचं वागणं बदलतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर चिडलेल्या ग्लियामुळे शेजारच्या चेतापेशी मेल्याचं दिसलंय. आतड्याची सूज उतरल्यावरही काहींचं पोट का दुखत राहतं, याचा एक धागा इथे असावा, असं मला वाटतं.