गाडीचा विमा : नुसता थर्ड पार्टी की फुल? (नागपूरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी-२०३ ताई : नमस्कार. आमच्या स्विफ्टचा विमा ३० तारखेला संपून राहिला. गाडी सात वर्षांची झाली, कधी क्लेम घेतला नाही. हे म्हणतात आता नुसता थर्ड पार्टी घेऊ, ३,४१६ आणि वरून जीएसटी, विषय संपला. फुल घेतला तर अकरा हजाराच्या आसपास सांगतात. कोणी सांगेल का काय करावं?

बी-४०४ : जुन्या गाडीला फुल कायले पाहिजे ताई? पत्र्याला पोचे पडले तर पडले.

सी-१०१ : थांबा, माझं ऐका आधी. परवा छत्रपती चौकाच्या सिग्नलवर उभा होतो, मागून मोपेडवाल्या पोराने आणून ठोकली. डिक्कीचा पत्रा आत गेला. कागद माग म्हटलं तर पोरगा म्हणे काका, विमाच नाही. त्याच्या बापाला फोन लावला, तो म्हणे गाडी माझ्या नावावर नाही, ज्याच्याकडून घेतली त्याच्याच नावावर आहे अजून. आता मी कोणाच्या दारात जाऊ?

डी-३०१ काकू : आमचा मुलगा टेक्सासला आहे. त्याच्या पॉलिसीत असं वेगळं कव्हर आहे म्हणे, बिनविम्याच्या गाडीवाल्याने ठोकलं तर कामी येणारं. आपल्याकडे मिळते का ते?

ए-५०२ काका : काकू, तिकडे टेक्सासमध्ये कंपनीला ते कव्हर द्यावंच लागते, नको असेल तर ग्राहकाने तसं लेखी द्यायचं. आपल्याकडे त्या नावाचं काही मिळत नाही. गाडीपुरती त्याची गरजही नाही, कारण पॅकेज पॉलिसीतला, म्हणजे आपण फुल म्हणतो त्यातला, ओडी, म्हणजे ओन डॅमेजचा भाग, समोरच्याचा विमा आहे की नाही हे विचारतच नाही. तो पळून गेला तरी आपली कंपनी आपली गाडी नीट करून देते. थर्ड पार्टी आहे ती आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे होईल त्याच्यासाठी. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर त्या भरपाईला वरची मर्यादा नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेला साडेसात लाखांपर्यंत. आपल्या पत्र्याला त्यातून एक रुपया येत नाही.

बी-४०४ : पण विम्याशिवाय गाडी चालवणं गुन्हा आहे नं काका? मग एवढे लोक कसे फिरून राहिले?

ए-५०२ काका : दंड आहे. पहिल्यांदा २,०००, पुन्हा सापडला तर ४,०००, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण पकडते कोण? संसदेच्या स्थायी समितीने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात देशातल्या अर्ध्याहून जास्त गाड्या विम्याविना असल्याचं म्हटलं आहे. दुचाकीचं तर विचारूच नका. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो, कारला तीन वर्षांचा. ती पाच वर्षं संपली की आठवण करून देणारं कोणी नसते, तोवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेली असते. सिग्नलवर तुमच्या मागे येऊन उभा राहिला तो विमावाला आहे असं धरूनच चालू नका.

सी-१०१ : मग मी माझ्या ओडीतून क्लेम टाकू का? गॅरेजवाल्याने ९,००० सांगितले.

ए-५०२ काका : टाकू नका. तुमची गाडी सहा वर्षांची नं? पार्ट जुना झाला म्हणून पत्र्याच्या पार्टवर ४० टक्के घसारा कापतात. पार्ट ५,००० चा असेल तर २,००० तिथेच गेले. गॅरेजवाले ज्याला फाइल चार्ज म्हणतात, क्लेममागे आपल्या खिशातून जाणारा, तो १,००० वेगळा. रंगाचं अजून कापतील ते सोडा, हातात आले जास्तीत जास्त ६,०००. आणि तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची ओडी प्रीमियमवरची सूट, ५० टक्क्यांवर आहे, तो सगळा जातो. मूळ ओडी प्रीमियम ९,००० धरा. पुढच्या वर्षी पूर्ण ९,००० भराल, म्हणजे ४,५०० चा फटका. मग बोनस पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा पायरीपायरीने चढतो, ५० वर यायला पाच वर्षं जातात. सगळा फरक मिळून ११,२५० होतो. ६,००० साठी ११,२५० घालवायचे का?

सी-१०१ : म्हणजे विमा असून उपयोग नाही!

ए-५०२ काका : भाऊ, विमा पोच्यांसाठी नाहीच आहे. तो गाडी चोरीला गेली, ट्रकखाली आली, त्या दिवसासाठी आहे. हे ९,००० त्या मोपेडवाल्याकडूनच काढा. आरसीवर ज्याचं नाव आहे तो कायद्याने जबाबदार राहतो, गाडी विकली म्हणून सुटत नाही. नंबर एमपरिवहन ॲपवर टाका, विमा कधी संपला तेही दिसेल. आरसीवाल्याला फोन करून एवढं सांगा की तक्रार झाली तर नाव तुझं येईल. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होते.

सेक्रेटरी : मध्येच सांगतो, उद्या टाकी साफ होणार आहे, सकाळी ९ नंतर पाणी येणार नाही. चालू द्या तुमचं.

बी-२०३ ताई : मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? थर्ड पार्टीच ठेवला तर चालेल का?

ए-५०२ काका : ताई, दोन प्रश्न विचारतो. गाडी कोणाच्या नावावर आहे? आणि चालवते कोण?

बी-२०३ ताई : ह्यांच्या नावावर. चालवते मीच. पोरांना शाळेत सोडणं, बर्डीच्या बाजारात जाणं, सगळं माझ्याकडेच.

ए-५०२ काका : मग नीट ऐका. विम्यासोबत जो सक्तीचा १५ लाखांचा अपघात विमा येतो, तो ओनर-ड्रायव्हरचा. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आणि ज्याच्याकडे लायसन्स, त्याचाच. तुम्ही चालवत असताना तुम्हाला काही झालं तर ते १५ लाख तुमच्यासाठी नाहीत. आणि तो मृत्यू किंवा अपंगत्वासाठी आहे, दवाखान्याच्या बिलासाठी नाही.

बी-२०३ ताई : ना बाप्पा! हे कोणी सांगितलंच नाही.

ए-५०२ काका : पुढचं त्याहून महत्त्वाचं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्याच खासगी गाडीत बसलेली माणसं येत नाहीत. सुप्रीम कोर्टाचे यावर निकाल आहेत. पॅकेज पॉलिसीत येतात. उद्या तुमच्या हातून गाडी दुभाजकावर गेली आणि मागे शेजारची पोरं बसली असतील तर त्यांची भरपाई पॅकेजवाल्या कंपनीला द्यावी लागेल, थर्ड पार्टीवाली हात वर करेल. शाळेची ने-आण करणाऱ्या गाडीचा ओडी सोडू नये, हे माझं स्पष्ट मत.

डी-३०१ काकू : आणि समोरचा बिनविम्याचा असला, आपल्याच माणसाला लागलं तर? टेक्सासमध्ये ते दवाखान्याचंही देतात म्हणे.

ए-५०२ काका : इथे ती जागा रिकामीच आहे, काकू. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस होते, भरपाईचा हुकूमही निघतो, पण समोरच्याकडे काही नसेल तर वसुली कशी करणार? ठोकून पळालेला सापडलाच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस इलाजही आहे. आयसीयूत दीड लाख किती टिकतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून हेल्थ पॉलिसी आणि गाडीशी संबंध नसलेली वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी, चालवणाऱ्याच्या नावाने. टेक्सासच्या कव्हरला आपल्याकडचा पर्याय तोच.

बी-४०४ : काका, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस, एजंट तर यादीच वाचून दाखवते.

ए-५०२ काका : सात वर्षांच्या गाडीला रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर बिलाची किंमत देणारं कव्हर, सहसा कोणी देत नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, काही कंपन्या देतात, स्वस्तात मिळाला तर घ्या. इंजिन प्रोटेक्टला मात्र नागपुरात नाही म्हणू नका. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते नं? अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, कॉर्पोरेशन कॉलनीत गाड्या पाण्यात गेल्या.

सी-१०१ : माझ्या साळ्याची होती तिथे. पाणी उतरल्यावर त्याने चावी फिरवून पाहिली. कंपनीने सीट, वायरिंग सगळं दिलं, इंजिनचं दिलं नाही.

ए-५०२ काका : तेच. पुराचं नुकसान ओडीत असते, पण पाणी गेलेलं इंजिन आपण सुरू केलं आणि ते बसलं तर साधी पॉलिसी ते मानत नाही. नरेंद्र नगरच्या पुलाखालून पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे कव्हर घ्यावं. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, ढकलत बाहेर काढायची.

सेक्रेटरी : बेसमेंटचा पंप जूनआधी दुरुस्त होईल. हे मला उद्देशून होतं ते समजलं.

बी-२०३ ताई : 😄 काका, ह्यांना दाखवलं सगळं. फुलच घेतो म्हणतात. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कमी केला तर हजारेक रुपये वाचतात म्हणे, करू का?

ए-५०२ काका : नाही. चोरी झाली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की मिळणारी रक्कम आयडीव्हीवरूनच ठरते. पाच वर्षांवरच्या गाडीला तो कंपनी आणि आपण मिळून ठरवतो, तेव्हा बाजारात जी किंमत येईल तीच टाका. आणि ३० तारीख चुकवू नका. तारीख गेली की गाडी तपासायला माणूस येतो, ९० दिवस गेले की तुमचा ५० टक्के बोनसही गेला.

बी-४०४ : जीएसटी गेली नं आता विम्यावरची?

ए-५०२ काका : वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरची गेली, सप्टेंबर २०२५ पासून. गाडीवर १८ टक्के आहेच. ताई, कोटेशन आलं की मला पर्सनलवर पाठवा. ग्रुपवर टाकू नका, फोन नंबर, पत्ता, चेसिस नंबर सगळं छापलेलं असते त्यात.