सर्दी-ताप-धापेच्या रुग्णात केवळ सीबीसीवरून (रक्तपेशींच्या मोजणीवरून) गंभीरतेचा अंदाज बांधता येतो का?

प्रश्न : वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, एटापल्ली तालुका

सर्वांना नमस्कार. पावसाळा सरता सरता आमच्याकडे विषाणूजन्य ताप, खोकला आणि धाप घेऊन येणाऱ्या रुग्णांची गर्दी वाढते. केंद्रात पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबाचे यंत्र आणि ऑक्सिजन आहे. रक्ताचा नमुना ग्रामीण रुग्णालयात पाठवल्यास तेथील थ्री-पार्ट यंत्रावर केलेल्या सीबीसीचा अहवाल संध्याकाळपर्यंत हाती येतो. शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी किंवा रक्ताच्या गुठळ्यांची शक्यता दाखवणारी डी-डायमर या तपासण्या वेळेत मिळण्याची शक्यता नसते.

कोरोनाच्या काळात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराविषयी, म्हणजे एनएलआरविषयी, बरेच वाचले होते आणि धोक्याची सीमारेषा म्हणून ३.१३ हा आकडा तेव्हापासून लक्षात राहिला आहे. या आकड्यावरून रुग्णाला केंद्रात ठेवावे की पुढे पाठवावे, हे ठरवता येईल का? गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. धानकापणीच्या दिवसांत घरची माणसे रुग्णाला इतक्या लांब नेण्यास सहजासहजी तयार होत नाहीत, त्यामुळे विनाकारण पाठवणे आणि उशिरा पाठवणे या दोन्हींची किंमत त्यांनाच मोजावी लागते. आमच्या रुग्णांमध्ये सिकलसेल (लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) आणि रक्तक्षय यांचे प्रमाण मोठे आहे, हेही उत्तर देताना कृपया विचारात घ्यावे.

उत्तर १ : औषधवैद्यक विभागातील अध्यापक, वर्धा जिल्हा

डॉक्टरसाहेब, रक्तपेशींच्या संख्येत माहिती निश्चित असते, परंतु तिच्यावरच निर्णय सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग बळावतो तेव्हा लिम्फोसाइट रक्तातून ऊतींमध्ये आणि लसिकाग्रंथींमध्ये जातात व काही नष्टही होतात. त्याच वेळी शरीरावरील ताणामुळे आणि दाहामुळे अस्थिमज्जा न्यूट्रोफिल वेगाने बाहेर सोडते. वरची संख्या वाढते, खालची घटते आणि गुणोत्तर चढते. चीनमधील कोरोनाच्या १,०९९ रुग्णांच्या २०२० मधील मोठ्या अहवालात दाखल होताना ८३.२ टक्के रुग्णांचे लिम्फोसाइट प्रति घनमिलिमीटर १,५०० पेक्षा कमी होते, आणि गंभीर रुग्णांत हे प्रमाण आणखी जास्त होते. याच आकड्यात अडचणही दडलेली आहे. जे लक्षण दाखल झालेल्या बहुतेक सर्वांत आढळते, त्यावरून त्यांच्यातील कोण खालावणार हे वेगळे काढणे कठीण जाते. शिवाय लिम्फोसाइट कमी होणे हे कोरोनाचे खास लक्षण नव्हे, ते इन्फ्लुएन्झामध्येही दिसते.

३.१३ हा आकडा बीजिंगमधील एका रुग्णालयातील साठेक रुग्णांच्या अभ्यासातून आला, आणि तोही ५० वर्षे व त्याहून अधिक वय या अटीशी जोडलेला होता. निरोगी प्रौढांत हे गुणोत्तर साधारण १ ते ३ असते, म्हणजे ही सीमारेषा निरोगी माणसाच्या अगदी लगत आहे. साध्या तापाने, उलट्यांनी किंवा गरोदरपणामुळेही ती ओलांडली जाते.

आता आपल्या बाह्यरुग्ण विभागाचा हिशेब करून पाहू. समजा, १०० रुग्णांपैकी ५ जण खरोखर गंभीर होणार आहेत, आणि आपली कसोटी अशा ५ पैकी ४ जणांना पकडते, तर बाकीच्या ९५ पैकी ३० टक्क्यांना चुकून धोक्यात दाखवते. मग सुमारे ३२ जणांवर धोक्याची खूण लागेल आणि त्यांतील फक्त ४ खरे असतील. आपल्याकडील २८ कुटुंबांना कापणी सोडून गडचिरोली गाठावी लागेल आणि एक गंभीर रुग्ण तरीही गावातच राहील. दाखल रुग्णांच्या अभ्यासात चांगला ठरलेला आकडा बाह्यरुग्ण विभागात तोकडा का पडतो, ते यातून दिसते.

कोरोनाच्या दाखल रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये तयार केलेल्या फोर-सी मृत्युदर गुणांकनाचे उदाहरणही उपयोगी आहे. त्यात वय, लिंग, सहव्याधी, श्वसनगती, ऑक्सिजनचे प्रमाण, शुद्धीची पातळी, युरिया आणि सीआरपी अशा आठ बाबी आहेत, रक्तपेशींची संख्या मात्र नाही. त्याच गटाने प्रकृती खालावण्याचा अंदाज घेण्यासाठी पुढे जे गुणांकन तयार केले, त्यात लिम्फोसाइटची संख्या आली, पण अकरा बाबींपैकी एक म्हणून. पेशींच्या मोजणीला तेवढेच स्थान द्यावे, असे मला वाटते.

आपल्या हाताशी असलेली सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे पूर्ण एक मिनिट मोजलेली श्वसनगती. ती प्रौढात २४ किंवा अधिक असेल, अथवा खोलीतील हवेवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली असेल, तर सीबीसी कितीही चांगली आली तरी रुग्णाला घरी सोडू नये. श्वसनगती ३० च्या वर किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली असल्यास ऑक्सिजन लावून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि रक्ताच्या अहवालासाठी थांबू नये.

उत्तर २ : प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, यवतमाळ जिल्हा

सरांच्या उत्तरात प्रयोगशाळेच्या बाजूने भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण गुणोत्तर काढण्यापूर्वी ते आकडे कसे आले हे पाहावे लागते.

थ्री-पार्ट यंत्र न्यूट्रोफिल वेगळे मोजत नाही. ते पेशींच्या आकारमानावरून लिम्फोसाइट, मधल्या आकाराच्या पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिल ज्यात मोडतात त्या दाणेदार पेशी) असे तीन गट पाडते. त्यामुळे आपण ज्याला एनएलआर म्हणतो तो येथे ग्रॅन्युलोसाइट आणि लिम्फोसाइट यांचा अंदाज असतो. शंका आल्यास रक्ताचा थेंब पसरून लीशमन रंजकाने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. तिच्यावर केवळ १०० पेशी मोजून लिम्फोसाइट १० टक्के आले, तर खरे प्रमाण ४ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. अशा मोजणीवरून काढलेल्या गुणोत्तराचा दशांश लिहिण्यात काही अर्थ नसतो. म्हणून माझी विनंती अशी की, गुणोत्तरापेक्षा लिम्फोसाइटची एकूण संख्या लिहावी आणि जमल्यास २०० पेशी मोजाव्यात.

सिकलसेलचा मुद्दा आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे. एसएस प्रकारच्या (आई आणि वडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आलेल्या) रुग्णांच्या पांढऱ्या पेशी आजार नसतानाही वाढलेल्या असतात. त्यांच्या रक्तात केंद्रक असलेल्या अपरिपक्व लाल पेशी फिरत असतात, आणि साधे यंत्र त्यांनाही पांढऱ्या पेशी समजते. त्या आकाराने बहुधा लिम्फोसाइटच्या गटात पडतात, त्यामुळे लिम्फोसाइट प्रत्यक्षात घटलेले असूनही अहवालात ठीक दिसतात. काचपट्टीवर १०० पांढऱ्या पेशींमागे अशा २५ लाल पेशी दिसल्या आणि यंत्राने २०,००० हा आकडा दिला असेल, तर २०,००० ला १०० ने गुणून १२५ ने भागावे. खरी संख्या १६,००० येते. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि धाप असेल, तर छातीचा तीव्र विकार (ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, सिकलसेलमधील फुप्फुसांची जिवावर बेतणारी गुंतागुंत) उद्भवलेला असू शकतो. त्याला पेशींच्या आकड्यावरून विषाणूजन्य ताप समजून थांबवू नये, असे मी कळकळीने सांगते.

लाल पेशींच्या आकारातील फरक दाखवणाऱ्या आरडीडब्ल्यू या आकड्याविषयीही कोरोनाच्या काळात बरेच लिहिले गेले. बोस्टनमधील रुग्णालयांच्या अभ्यासात तो १४.५ टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या दाखल रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेने आणि सिकलसेलने तो मुळातच वाढलेला असतो, म्हणून तेथील सीमारेषा येथे लावण्यात अर्थ नाही.

नमुना जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या इडीटीए नळीत घ्यावा, नळी आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करावी आणि काचपट्टी शक्यतो केंद्रातच ताजी ओढून सोबत पाठवावी. प्लेटलेट अनपेक्षितपणे कमी आल्यास काचपट्टीवर त्यांचे पुंजके आहेत का, ते आधी पाहावे. त्या खरोखर कमी असतील, तर या ऋतूत डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफस यांचाही विचार करावा.

उत्तर ३ : बालरोगतज्ज्ञ, अमरावती जिल्हा

वरील चर्चा प्रौढांपुरती आहे, हे नोंदवून ठेवतो. साधारण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट स्वभावतःच जास्त असतात, त्यामुळे प्रौढांचे गुणोत्तर मेळघाटातल्या किंवा एटापल्लीतल्या बाळाला लावल्यास खोटा दिलासा मिळेल. मिनिटाला २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे आणि सुस्ती, या गोष्टी रक्ताच्या अहवालापेक्षा अधिक बोलतात. आशाताईंनाही त्या शिकवता येतात.

प्रश्नकर्त्याची पुढील शंका

तिघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. आमच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांनी आधीच गावात इंजेक्शन घेतलेले असते, आणि ते बहुधा स्टेरॉइड असावे असा मला संशय असतो. अशा रुग्णाची सीबीसी कशी वाचावी?

उत्तर १ चे लेखक

अशा रुग्णात त्या दिवशीच्या गुणोत्तराचा आधार घेऊच नये. स्टेरॉइडमुळे काही तासांतच न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी घटतात, आणि डेक्सामेथासोनचा हा परिणाम दीड-दोन दिवस टिकू शकतो. इंजेक्शन केव्हा घेतले हे नातेवाइकांना न रागावता विचारावे, रिकामी कुपी किंवा चिठ्ठी मागावी आणि संदर्भपत्रावर ती वेळ लिहावी. ताप उतरल्यामुळे रुग्ण बरा दिसत असला, तरी त्याला खोलीत सहा मिनिटे चालवून ऑक्सिजन पाहावा. तो ३ टक्क्यांनी किंवा अधिक घसरला, तर त्याला ठेवून घ्यावे. मात्र आधीच ९४ च्या खाली असलेल्याला चालवू नये.

ऑक्सिमीटरविषयीही एक गोष्ट लक्षात असू द्यावी. ज्याचे हिमोग्लोबिन ५ ग्रॅम आहे, त्याच्या बोटावर ९७ दिसत असले, तरी त्याचे रक्त वाहून नेत असलेला ऑक्सिजन निरोगी माणसाच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून आलेल्या सीबीसीत मी सर्वांत आधी हिमोग्लोबिन वाचतो, नंतर लिम्फोसाइटची एकूण संख्या. ती १,००० च्या खाली असून रुग्ण वयस्क, गरोदर किंवा मधुमेही असेल, तर आजाराच्या पहिल्या आठवड्यात त्याला रोज पाहावे आणि दोन दिवसांनी सीबीसी पुन्हा करावी. लिम्फोसाइट आणखी घसरत असतील आणि श्वसनगतीही वाढत असेल, तर ऑक्सिजन ९५ असतानाच दिवसाउजेडी अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाशी बोलून त्याला हलवावे.