मदत हवी आहे: सात कोअरच्या फायबरचा फॅन-आऊट, कडेच्या वाटांतून प्रकाशच येत नाही

तेजस_पु: सात कोअरच्या (प्रकाश वाहणाऱ्या सात गाभ्यांच्या) फायबरमधला प्रकाश सात वेगळ्या वाटांनी बाहेर काढायचाय (फॅन-आऊट). त्यासाठी काचेच्या चिपमध्ये फेमटोसेकंद लेझरने (अतिसूक्ष्म काळाच्या स्पंदांनी) वेव्हगाईड, म्हणजे प्रकाशाच्या वाटा, लिहिलेत. एका टोकाला सात कोअर, एक मध्ये आणि सहा भोवती षटकोनात, दुसऱ्या टोकाला सातही एका ओळीत. मधली वाट व्यवस्थित चालते, कडेच्या दोन जवळजवळ मेल्यात. लेझरची पॉवर वाढवली, लिहिण्याचा वेग कमी केला, फरक शून्य. सोमवारी गाईडना दाखवायचंय. लवकर सांगा!

ऋचा म.: तरंगलांबी? कोअरमधलं अंतर? वळणाची लांबी? काहीच लिहिलं नाहीस.

फायबरवाले_काका: आधी कनेक्टर पुसा. वीस वर्षं स्प्लायसिंग (फायबर जोडायचं काम) करतोय, बहुतेक तक्रारी धुळीच्याच निघतात.

तेजस_पु: पुसलेत काका. १५५० नॅनोमीटर, अजून काय असणार. कोअरमधलं अंतर षटकोनात ४२ मायक्रॉन, ओळीत १२७.

सिलिकॉन_सखा: काच सोडा, सिलिकॉनच्या चिपवर या. तिथे काही मायक्रॉनच्या त्रिज्येत वळण बसतं.

ऋचा म.: बसतं, पण एकाच थरात. याचा षटकोन तीन थरांत आहे, वेगवेगळ्या खोलीवर लिहावं लागणारच. जपानमध्ये हिराओंच्या गटाने १९९६ मध्ये काचेत असे वेव्हगाईड लिहिले, तेव्हापासून खोलवर लिहिता येणं हेच या पद्धतीचं बळ आहे.

सिलिकॉन_सखा: ग्रेटिंग कपलर (चिपच्या वरच्या बाजूने प्रकाश आत-बाहेर नेणाऱ्या बारीक रेघा) षटकोनात मांडता येतात की!

ऋचा म.: येतात. पण त्याला सोमवारी ही चिप दाखवायचीय. तेजस, लांबी?

मीनल_के: काका, आमच्या राऊटरवर लाल दिवा लुकलुकतोय, नेट बंद. काय करू?

फायबरवाले_काका: वायर कुठे दुमडली आहे का बघा ताई. घट्ट वळणातून प्रकाश बाहेर जातो.

तेजस_पु: वळण ६ मिमी.

ऋचा म.: मग काकांचं उत्तर तुलाही लागू आहे. कडेची वाट मधल्या कोअरपासून ४२ वरून ३८१ वर (१२७ च्या तिप्पट) न्यायची, म्हणजे ३३९ मायक्रॉन सरकवायची. कोसाईनच्या आकाराचं वळण धरलं तर सर्वांत तीव्र जागी त्रिज्या जेमतेम २१ मिमी. वाट आणि आजूबाजूची काच यांच्या अपवर्तनांकातला (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) फरक काही हजारांश, तेवढ्यावर प्रकाश टिकत नाही. वळण १२ मिमी कर, त्रिज्या चौपट होईल.

काच_भट्टी: लिहून झाल्यावर अ‍ॅनिलिंग करा (चिप तापवून हळूहळू थंड करा), वळणातली गळती बरीच कमी होते.

ऋचा म.: होते, पण आधी भूमिती सुधारू दे. षटकोन ११ अंशांनी फिरव, सातही कोअर आडव्या दिशेने समान अंतरावर येतील. फायबरही तेवढाच फिरवायचा. आणि सर्वांत खोल थर आधी लिहितोस ना?

तेजस_पु: नाही. वरचा आधी.

ऋचा म.: मग खालचे लिहिताना लेझर वरच्या वाटांमधून जातोय. क्रम उलटा कर.