मदत हवी आहे : ४अ² + ४अ = ८अ³ का नाही? पडताळा तर जुळतोय!

बऱ्याच वर्षांनी बीजगणित उघडलंय, सांभाळून घ्या. या राशीला सरळ रूप द्यायचं होतं :

७अ − (३अ − २ब) + ४अ² − ५ब

कंसाबाहेर वजा, म्हणून आतली दोन्ही चिन्हं बदलली (शाळेत नेमकी इथेच माती खायचो). ७अ − ३अ = ४अ, २ब − ५ब = −३ब. मग ४अ² आणि ४अ मिळून ८अ³. माझं उत्तर ८अ³ − ३ब.

पुस्तकात ४अ² + ४अ − ३ब दिलंय. खात्री करायला अ = १, ब = १ घातलं. मूळ राशी ५, पुस्तकाचं उत्तर ५, माझंही ५. मग माझं चुकलं कुठे?

प्रतिसाद १

कंस बरोबर सोडवलाय. आता ब १च ठेवा आणि अ = २ घाला. मूळ राशी १४ − ४ + १६ − ५ = २१. पुस्तकाचं १६ + ८ − ३ = २१. तुमचं ६४ − ३ = ६१!

१ चा कितवाही घात १च, त्यामुळे घातांकाची चूक तिथे झाकली जाते. शून्यही तसाच फसवा. (गंमत म्हणजे अ = −१/२ घेतलं तरी ४अ² + ४अ आणि ८अ³ दोन्ही −१ येतात. बाकी कुठेच जुळत नाहीत.)

अक्षर आणि त्याचा घातांक दोन्ही सारखे असतील तरच पदं सजातीय. बेरीज फक्त सहगुणकांची (अक्षराआधीच्या आकड्यांची) होते, घातांक आहे तसाच राहतो. घातांक मिळवतात ते गुणाकारात : ४अ² × ४अ = १६अ³. तुम्ही सहगुणक बेरजेचे घेतलेत आणि घातांक गुणाकाराचा.

धागाकर्ता

अर्धी बेरीज, अर्धा गुणाकार. कळलं! मग ३अब + २बअ चं काय? अक्षरं उलटी आहेत म्हणून वेगळीच ठेवली होती.

प्रतिसाद २

ती सजातीयच. गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही, म्हणून ५अब. मी आधी सगळ्या पदांतली अक्षरं एकाच क्रमाने लिहून घेतो, मग डोळ्यांना फसायला जागा उरत नाही. अ²ब आणि अब² मात्र विजातीय, ती मिळवू नका.

आणि पडताळ्यात दोन्ही अक्षरांना एकच किंमत देऊ नका. दोन्ही २ घेतलीत तर अ²ब पण ८ आणि अब² पण ८. अ = २, ब = ३ घ्या, म्हणजे १२ आणि १८ येतील.

धागाकर्ता

दोन्हीकडे २च घालून बसलो होतो. पुसतो.