तुमच्या वाडीतली मांजर नेमकी कुणाची? अनुभव सांगा

कोयनाकाठ:
मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमच्या वाडीत मांजरीच सात घरच्या. एका घरी दूध, दुसऱ्या घरी भाकरीचा तुकडा, तिसऱ्याच्या माळ्यावर बाळंतपण. आजारी पडली की मात्र कुणाचीच नाही.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या कणगीमागं मनी व्याली. चार पिल्लं. उन्हाळ्यात परत तीन. त्या सातातलं एक उरलं. दोन कुत्र्यांनी नेली, एक विहिरीत सापडलं, तिघांना कुणीतरी गोणीत घालून बाजाराच्या गावाला सोडून आलं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून मारत कुणी नाही. सोडून येतात. आईचं दूध न सुटलेलं पिल्लू बाजारतळावर सोडल्यावर त्याचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असं वाऱ्यावर सोडणं गुन्हाच आहे.

तेव्हा ठरवलं, मनी आमची. तालुक्याला नेऊन पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून आणलं. न्यायला टोमॅटोचं एक कॅरेट, त्यावर दुसरं पालथं, चारी बाजूंनी सुतळी. खाली गोणपाट, वरून जुनी साडी. अंधार झाल्यावर तिचं ओरडणं थांबलं. घरी आल्यावर टाके चाटायला लागली, म्हणून मुलाच्या जुन्या स्वेटरची बाही कापली, पायांसाठी चार भोकं पाडली आणि तिच्या अंगात चढवली. दोन दिवस ती भिंतीला घासत चालली, मग विसरली.

तुम्ही काय केलंत, काय चुकलं, लिहा. शहरातल्या फ्लॅटमधल्या मांजरांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. आपल्या गोठ्यातल्या, माळ्यावरच्या मांजरांबद्दल कुणी लिहीत नाही.

तूरकाढणी (यवतमाळकडून):
आमचं चुकलं ते सांगतो. सोयाबीनच्या पोत्यांना उंदीर लागले, म्हणून दुकानातून उंदरांच्या औषधाच्या वड्या आणल्या. मांजर वड्या खाणार नाही, याची खात्री होती. तिनं खाल्ल्याही नाहीत. पण ते औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो. असा उंदीर तिला सहज सापडला. तिच्या नाकातून रक्त येऊ लागलं तेव्हा आम्हाला वाटलं, कुठून तरी पडली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात औषध ठेवलंय का? या विषावर व्हिटॅमिन के देतात, पण आम्हाला फार उशीर झाला होता. आता घरात पिंजरा आहे आणि तिची मुलगी आहे. औषध नाही. मांजर आणि उंदराचं औषध एका घरात ठेवू नका, हात जोडून सांगतो.

गुरांचा डॉक्टर:
वरच्या दादांसारखे लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा उशीरच झालेला असतो. म्हणून थोडं सविस्तर.

मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करता येतं. त्याच वयात ती गाभणही राहते, त्यामुळे "एकदा विऊ दे, मग बघू" म्हणत थांबू नका. दोन महिन्यांत वितेच, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. बोक्याचं ऑपरेशन त्याहून सोपं, तरी बोका घेऊन येणारे मला वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटतात. प्रत्येक सरकारी दवाखान्यात सोय असेल असं नाही, आधी फोन करून विचारा.

एक कळकळीचं. मांजराला ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, तुकडासुद्धा नाही. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही. तोंड सुजतं, हिरड्या तपकिरी पडतात, जीव जातो. कुत्र्याची गोचिडांची पावडरही मांजराला लावायची नाही.

खाडीपलीकडची (गुहागर):
आमच्याकडे मासळीची डोकी आणि सुकट, त्यामुळे खाण्याची आबाळ नाही. आबाळ लशीची. मुलीला शेजारच्या बोक्यानं ओरबाडलं. आजीनं चुना लावला. म्हणाली, कुत्र्याचं भ्यावं, मांजराचं काय. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी आधी तो चुना धुवून काढला. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, मग लस. मांजरामुळेही रेबीज होतो आणि ओरखडाही पुरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मुलीच्या सगळ्या सुया फुकट मिळाल्या. पण त्या बोक्याला तीन घरं जेवू घालत होती, आणि लस एकानंही दिली नव्हती. त्यात आम्हीपण आलो.

आळेफाटा:
जुन्नर पट्ट्यातला, ऊसवाला. तोडणी चालू असताना फडात दोन पिल्लं दिसली. पोरानं मांजराची म्हणून घरी आणली, वाटीत दूध ठेवलं. अंगावर तांबूस ठिपके, रागावली की इवलंसं तोंड उघडून फिस्कारायची. वनरक्षक बघून म्हणाले, ही वाघाटी आहे, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी. संध्याकाळी उघड्या कॅरेटमध्ये घालून उचलली होती त्याच जागी ठेवली. माणसं लांब गेली. रात्रीतून आई येऊन घेऊन गेली. तेव्हापासून फडात पिल्लू दिसलं की तेवढी तोड थांबवतो, हात लावत नाही आणि वनविभागाच्या 1926 नंबरला फोन करतो. घरची मांजर दिवेलागणीला आत घेतो. बिबट्याची भीती आहेच, शिवाय आपल्या मांजराचे रोग रानातल्यांना जाऊ नयेत.

माळावरची:
एक बोका येतो, पण हाताला लागत नाही. आणि तो तिघांकडे जेवतो, मग खर्च कुणी करायचा?

कोयनाकाठ:
ताई, आठवडाभर रोज ठरल्या वेळी कॅरेट आडवं करून आतच सुकट ठेवा. पहिले दोन दिवस बाहेरूनच वास घेईल. आत बसून निवांत खायला लागला की मग दुसरं कॅरेट लावून तोंड बंद. ऑपरेशनला नेताना आदल्या रात्रीपासून उपाशी किती वेळ ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या.

खर्चाचं म्हणाल, तर आम्ही तीन घरांनी मिळून केला. अडलं ते लशीच्या कार्डापाशी. डॉक्टरांनी मालकाचं नाव विचारलं आणि आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. मांजराला कुठं डॉक्टर लागतो का, असं घरून निघेपर्यंत म्हणणाऱ्या सासूबाई कॅरेटवर हात ठेवून बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.