खाण नव्हे हो, डिचोलीवाले!

मांडवीकाठ: काल डिचोलीवाला यांनी लिहिलं, "आपल्या कॅन्सर रुग्णांचे जनुकीय बदल अमेरिकेच्या क्लिनव्हार या खुल्या माहितीसाठ्यावर फुकट टाकणं म्हणजे खाण कवडीमोलानं विकणं." खाणीचं नाव काढलं की गोव्यात टाळ्या पडतात, पण खनिज बार्जमध्ये चढलं की आपल्याकडे खड्डा उरतो; माहिती दिली तरी घरात राहतेच. २०२१ साली बायकोच्या रिपोर्टात बीआरसीए-२ या स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकापुढे 'व्हीयूएस', म्हणजे अर्थ न कळलेला बदल, असं आलं. घातक की निरुपद्रवी, पत्ता नाही. मेहुणी अंडाशय काढायला निघाली. दीड वर्षानं लॅबचा मेल: निरुपद्रवी. तोच बदल धडधाकट भारतीयांत सापडला होता आणि कुणीतरी तो नोंदवला होता, म्हणून.

डिचोलीवाला: व्हीयूएसवर ऑपरेशन ठरवायचंच नसतं. दोष सल्ला देणाऱ्याचा! आणि "नाव-गाव काढून टाकतो" हे मला सांगू नका. आमच्या वाड्यावर जत्रेला कोण आलं नाही तेही कळतं. दुर्मिळ बदल, वय, आजार दिला, मग लपलं काय? भाचीचं ठरलेलं लग्न "आईला कॅन्सर होता" एवढ्यावर मोडलं.

आबोली: ते शेजाऱ्यांच्या जिभेनं मोडलं, क्लिनव्हारचा काय संबंध? माझा राग वेगळाच. रिपोर्ट इंग्रजीत का? 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलंच, असं आई आठवडाभर शेजारी सांगत होती. मराठीत द्या.

रापणकार: मराठीत का म्हणून? राजभाषा कोंकणी आहे.

आबोली: आलात! १९८७ चा कायदा वाचा, सरकारी कामाला मराठीही चालते.

रापणकार: चालते म्हणजे दर्जा मिळाला असं नाही, बाय.

आबोली: बाय म्हणू नका.

डिचोलीवाला: तुम्ही दोघं कदंब बसमध्ये बसून भांडा.

मांडवीकाठ: अहो, मुद्दा! बीआरसीएची तपासणी करणाऱ्या मिरियड या अमेरिकी कंपनीनं सापडलेल्या बदलांची माहिती दाबून ठेवली. २०१३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं नैसर्गिक जनुकावरचं पेटंट नाकारलं, तरी साठवलेलं घबाड कंपनीकडेच राहिलं. त्यात रुग्णाचं काय भलं झालं? संमती घ्या, वय गाळा, पण बदल नोंदवा.

डिचोलीवाला: संमती म्हणजे ऑपरेशनच्या सकाळी सही घेतलेला कागद ना? बरं, फक्त बदल आणि त्याचा पुरावा टाकणार असाल तर टाका. खाणीची उपमा मी मागे घेत नाही.

आबोली: नका घेऊ. रिपोर्ट तेवढा मराठीत.

रापणकार: कोंकणीत.